पायरीचा दगड

मार्चअखेर नार्साकला ऊन आलं की
सेवेरीन कॉफीचा जुना डबा खिडकीत उपडा करते.
टुग्टुपाइटचे खडे, हिवाळाभर अंधारात बसून
म्हाताऱ्या हिरडीसारखे फिकटलेले.
तासाभरात त्यांना रंग चढतो,
नुकत्या सोललेल्या सीलच्या मांसाइतका.
योकुम त्यांच्याबद्दल एवढंच बोलला होता, एकदा :
रेनडिअरचं रक्त.
मग वास कसा नाही, तिनं विचारलं होतं.
तो हातोडी घेऊन बाहेर पडला होता.

त्यालाही आता सात वर्षं झाली.

काल खाणवाल्यांचा पोरगा आला, गळ्यात यंत्र.
डोंगराकडे जाता जाता सहज
तिच्या पायरीवर धरलं,
तर यंत्र तडतडू लागलं
फोडणीतल्या मोहरीसारखं.

तपकिरी ठिपक्यांचा तो धोंडा
लग्नाच्या वर्षी योकुमनं पाठीवरून आणलेला,
धापा टाकत. बसायला, म्हणून.
तीस वर्षं ती त्यावर बसून
कॉड साफ करत आलीय.

पोरगा गोरामोरा. थोरियम, युरेनियम,
काहीबाही आकडे सांगू लागला.
तिनं सुरी पुसली.
"किती दिवस चालतं हे?"
"डोंगर झिजेल, तरी चालेल."
"बघा," सेवेरीन म्हणाली, कुणाला ते कळलं नाही,
"आणि मी जन्मभर म्हणत आले,
हा माणूस तोंडच उघडत नाही."

पायरी तिनं हलवली नाही.
वर मेंढीचं एक कातडं टाकलं,
आणि उरलेले मासे
आत, ओट्यावर नेले.