लाकडी मुठीचा पेचकस

पावण्याच्या एमआयडीसीत, केमिकलच्या दोन गोदामांमध्ये
जी बोळकांडी उरते, तेवढंच गॅरेज.
मागे अर्धा खाल्लेला डोंगर.
मी उदगीरहून डिप्लोमा घेऊन आले होते, वही घेऊन आले होते.
केणीकाका वहीकडे बघून म्हणाले,
"मास्तरीण, ती फळीवर ठेव. ऑईल लागंल तिला."
पहिले पंधरा दिवस नुसते पाने पुसले:
बारा-तेरा, चौदा-पंधरा, सोळा-सतरा,
आणि दहाचा, जो कधीच जागेवर नसतो.

मग बोनेटखाली वाकायची परवानगी.
जॅकवर भरवसा ठेवायचा नाही,
घोडी लावल्याशिवाय डोकं खाली घालायचं नाही.
गरम रेडिएटरचं झाकण उघडणाऱ्याला
काका एकच शिवी देत, अस्सल आगरी,
मला ती अजून पुरती कळलेली नाही.
प्लग काढून माझ्या तळहातावर ठेवत:
"रंग बघ. दुधाच्या चहाचा असला तर इंजिन सुखी.
काळा म्हणजे जास्त खातंय. पांढरा म्हणजे उपाशी."

बोल्ट किती आवळायचा
हे माझ्या वहीत आकड्यांत होतं, त्यांच्या मनगटात.
एकदा चेंबरचा बोल्ट मी आवळत गेले, आवळत गेले,
आणि पाना एकाएकी हलका झाला.
आटे गेले.
ते रागावले नाहीत. टॅप आणून दिला.
नवे आटे पाडता पाडता माझी अख्खी संध्याकाळ गेली.
"कळलं ना आता, घट्ट कुठं संपतं ते?"

आणि हा पेचकस. हातभर लांब, मूठ लाकडी.
चालू इंजिनावर टोक टेकवायचं,
आल्टरनेटरवर, वॉटर पंपावर, टॅपेटच्या झाकणावर,
आणि मूठ कानामागच्या हाडाला.
बाहेर सगळा एकच गोंगाट.
आत मात्र टॅपेट सैल असलं की शिवणयंत्र,
पंपाचं बेअरिंग जायला आलं की जात्यात आलेला खडा.
"काय येतंय ऐकू?" ते विचारत.
मी सांगे. ते मान हलवत.
कधी म्हणत, "परत ऐक. घाई नको."
सात महिने मी परीक्षा देत होते.

मग एक शुक्रवार. एमआयडीसीची सुट्टी,
कारखाने बंद, रस्ता मोकळा, कुत्रंसुद्धा गप्प.
त्यांच्या पाठीमागे उभी राहून म्हटलं, "काका, चहा."
पुन्हा म्हटलं.
ग्लास डोळ्यांसमोर धरला तेव्हा ते एवढे दचकले
की चहा सायलेन्सरवर सांडून चरचरला,
आणि तेही त्यांना वाफ दिसल्यावर कळलं.

मी पेचकस उचलला.
मुठीच्या टोकाला खाचा होत्या.
इतके दिवस मी त्यांना जुनेपणा समजत होते.
त्या दातांच्या होत्या.
कान गेल्यावर ते मूठ दातांत धरून ऐकत होते.
दाढा गेल्यावर
विचारू लागले होते.

आम्ही त्यावर बोललो नाही.
मी आता समोर उभी राहून बोलते, एवढंच.

काल सीवूड्सची एक गाडी आली. स्कॅनर म्हणे, सगळं ठीक.
मालक काकांकडे बघतो, काका माझ्याकडे.
मी मूठ हाडाला लावली. हा आवाज मला नवा होता.
"वाळलेल्या पावट्याच्या शेंगा हलवल्यासारखं," मी म्हटलं,
"सुरू करताना तीन-चार सेकंद. मग थांबतं."
त्यांनी डोळे मिटले.
चाळीस वर्षांत कुठेतरी त्या शेंगा ठेवलेल्या होत्या,
त्या शोधून आले.
"टायमिंग चेन. टेन्शनर गेलाय."
उघडलं. गेला होता.

हल्ली मी ग्राइंडरकडे वळले की
ते हातातलं काम टाकून येतात,
न बोलता खिशातून एक पुडी काढतात,
आणि माझ्या दोन्ही कानांत कापूस जाईपर्यंत
बटणावर हात ठेवून उभे राहतात.