अकरा घरांची सम

शाळेच्या सभागृहात आज आम्ही दोघंच,
मी आणि माझी दोली.
समोर खुर्चीवर, दोन जाड शब्दकोशांना टेकवलेला
शाळेचा टॅबलेट.
बाकीच्या खुर्च्या भिंतीशी एकात एक रचलेल्या.
हीटर बंद. दोलीचं कातडं गारठ्याने सैल,
मी ते पोटाशी धरून बसलोय
आजारी मांजर धरावं तसं.

चियातुरात डिसेंबर.
नऊच्या आत घरी पोचायचंय, नाहीतर दंड.

पडद्यावर अकरा चौकोन.
एकात स्वयंपाकघर, एकात जिना,
एकात बराच वेळ नुसताच कुणाचा तरी कान.
म्झिया बाई तापाने घरात कोंडलेल्या,
तरी ओठांना लाली लावून बसल्यात.
"आवाज बंद करा सगळे," म्हणतात, आणि खोकतात.
"फक्त ओतार वाजवेल."

मी थाप मारतो.
शाळेसमोरच्या इमारतीत ती लगेच पोचते,
नदीपलीकडे अर्ध्या श्वासाने,
आणि वर, खाणीवाल्यांच्या वस्तीत,
जिथे जायचे जुने पाळणे तारेवर गंजत लटकलेत,
तिथे ती पोचेपर्यंत
मी पुढच्या आवर्तनात असतो.
अकरा घरांत अकरा ठिकाणी सम.
चाळीस वर्षं वाजवतोय,
इतका बेताल कधी झालो नव्हतो.

आधी धाकट्यांचा नाच झाला.
एकाची लाकडी तलवार दिव्याला लागली.
एकीच्या चौकोनात आईचा हात आला,
नाक पुसून गेला.

मग बार्बारे आणि गुगा.

आमच्या या नाचात बाई चालत नाही, तरंगते.
पाय दिसता कामा नयेत, नजर वर येता कामा नये.
बार्बारेने आईचा झगा घातला होता, चार बोटं लांब,
आणि फ्रिज नि टेबल यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत
ती अशी सरकत होती
की टेबलावरच्या कपातला चहा हलत नव्हता.

आणि पुरुषाने शिवायचं नाही.
बाहीसुद्धा लागता कामा नये.
वीस वर्षं म्झिया बाई ओरडत आल्या,
"लांब, पोरा, लांब राहा!"
आज त्यांना ओरडायला काही उरलंच नव्हतं.
ती पहिल्या चौकोनात, तो अकराव्या.

तिसऱ्या फेरीत गुगा गोठला.
एक हात वर, टाच उचललेली,
तोंड अर्धवट उघडं,
शिंक यायच्या आधी असतं तसं.
बार्बारेला कळायचा प्रश्नच नव्हता,
तिची नजर खाली.
ती त्याला वाट देत होती, वळसा घेत होती,
लाजून मागे सरत होती
एका फोटोपासून.
म्झिया बाईंनी हाताने खूण केली: थांबव.
मी बघितलंच नाही असं केलं.
ती नाचतेय तोवर दोली थांबत नाही,
हे मला त्यांनीच शिकवलं होतं.

गुगाचा चौकोन काळा झाला.
मी वाजवत राहिलो.
मग तो परत आला, घामाघूम, टोपी वाकडी,
आणि न विचारता आवाज चालू करून म्हणाला,
"मी नाही थांबलो! तुम्हीच सगळे थांबला होतात.
बार्बारे खाली बघत उभी होती,
म्हणून मी आपला तिच्याभोवती फिरत राहिलो."

"ठेका कुठला धरलास?" मी विचारलं.
त्याच्या मागून एक म्हातारा हात आत आला,
हातात पातेल्याचं झाकण.
"लग्नातला वाजवत होते," गुगा कुरकुरला,
"दुप्पट लय!"

तेव्हा बार्बारेने मान वर केली.
"मग मी किती वेळ उभी होते?"

कुणी हसलं नाही. तिचा चहा गार झाला असणार.
म्झिया बाईंनी टाळ्या वाजवल्या,
त्यांचाही आवाज बंदच होता.

घरी जाताना पुलावर पोलिसाने अडवलं.
पिशवीत काय? दोली.
कुठे होता कार्यक्रम?
मी म्हटलं, अकरा ठिकाणी.
त्याने घड्याळ बघितलं, आठ सत्तावन्न, आणि सोडलं.

खाली क्विरीला वाहत होती, खाणीच्या धुण्याने काळी.
वरच्या वस्तीत कुणीतरी अजून झाकण बडवत होतं.
लय चढीच होती.
मी थोडा भरभर चाललो.