पाठ

केटाच्या शाळेत बावीस वर्षं
एन्योनाम मॅडम फळ्याकडे तोंड करून
अपूर्णांक लिहीत राहिल्या.
खिडकीबाहेर समुद्र, एकेक माड गिळत
वर्गाच्या भिंतीपर्यंत आलेला.

न वळता त्यांना कळायचं
कोण शेंगदाणे फोडतंय,
कोण रडू दाबतंय.
सेलोर्मची जागा रिकामी का,
हे मात्र उशिरा कळलं.

मग विनेबाचं विद्यापीठ, नाट्यविभाग.
पंचेचाळिशीत विद्यार्थिनी, पन्नाशीत प्राध्यापक.
पहिल्याच तासाला एक तरुण सहकारी
दारात टेकून हसत म्हणाला,
"रंगमंचावर प्रेक्षकांकडे पाठ करायची नसते, मॅडम."

त्या काही बोलल्या नाहीत.
सवयीने हात झग्याला पुसले, खडू नसतानाही,
आणि पोरांकडे पाठ करून उभ्या राहिल्या.
नुसत्या उभ्या.

पंख्याची घरघर. सहाऱ्याकडून आलेली धूळ.
एक खांदा अर्धा इंच खाली आला
जणू हजेरी चालू होती
आणि एका नावाला उत्तर आलं नाही.

मागच्या रांगेतलं च्युइंगगम थांबलं.
दारातला टेकलेला माणूस सरळ झाला.

"आता तुम्ही," न वळताच त्या म्हणाल्या,
"पाठ करा."