माती सोडून

या झाडाला माती चालत नाही
हे गिऱ्हाइकांना समजावण्यात माझी अर्धी हयात गेली.
मुळांना ओल हवी, पण ओलीत बसून राहणं नको.
हवा हवी. धरायला काहीतरी हवं.
बाकी सगळं खिशाचं आणि पावसाचं गणित.

हिलोत पाऊस मोजून पडत नाही.
सालीचे तुकडे दीड वर्षात चहाच्या चोथ्यासारखे होतात,
शिवाय बोटीनं येतात, भाडं झाडाहून जास्त.
न्यूझीलंडचं शेवाळ पाणी धरतं
आणि सोडायचं नाव घेत नाही.
वडील नेच्याचं काळं खोड करवतीनं कापायचे;
मी नाही कापत. वीतभर वाढायला
त्याला किती वर्षं लागतात, ते मी मोजलंय.

उरते ज्वालामुखीची खडी.
हलकी, भोकाभोकांची, कुजणं ठाऊक नसलेली.
खाणीतून ट्रकनं येते.
चाळीस वर्षं मी दुसरीकडे पाहिलं नाही.

मग चिझुए आली, माझी धाकटी.
पुनातलं घर लाव्ह्याखाली गेलं त्या रात्री
तिनं गाडीत घेतलं ते एवढंच:
भाताचा कुकर,
मेलेसिओची औषधं (तो जाऊन दोन वर्षं झाली होती),
आणि त्यानं लावलेली कॅटलिया,
पुढच्या सीटवर, पट्टा बांधून.

कुंडी उलटी केली. साल पार गेलेली.
मुळं एकेक दाबून पाहिली: दहातली चार बरी.
सवयीनं माझा हात बादलीत गेला.
"ती नको."

"अगं, ही जुन्या डोंगराची. तुझ्या घरावर आली ती वेगळी."
"आई तर तीच ना?"

तीन दिवस झाड वर्तमानपत्रावर उघडं पडून.
मी कोळसा सुचवला. म्हणाली, तेही जळलेलंच.
नारळाची सोडणं सुचवली, फुटकी कौलं,
दारूच्या बाटल्यांची बुचंसुद्धा.
दुसऱ्याच्या मुलाचे मार्क ऐकावेत
तसं तिनं ऐकून घेतलं.

चौथ्या दिवशी पहाटे नळाचा आवाज आला.
उकिडवी बसून, बादली गुडघ्यांत धरून
ती खडी धूत होती.
पहिलं पाणी विटकरी. दुसरंही विटकरी.
तिसऱ्याला मी म्हटलं, पुरे, एवढ्यानं भागतं.
तिनं मान वर केली नाही.

मध्येच एक खडा उचलून
एक डोळा मिटून त्यातून पाहिलं,
लहानपणी नाण्याच्या भोकातून पाहायची तसं.
"नुसती हवाच आहे की यात," म्हणाली,
आणि तो खडा परत टाकला नाही,
खिशात ठेवला.

सातव्या पाण्याला तळ दिसू लागला.
झाड अजून कागदावरच होतं.
ती आठवं पाणी भरायला लागली.

पाण्याचं बिल माझ्या नावावर येतं.
मी काही बोललो नाही.