शेरा

भाऊंच्या नोंदवहीत पाच रकाने होते:
विहीर क्रमांक, गाव, तारीख,
जमिनीपासून पाणी किती खाली,
आणि शेवटी, दोन बोटं रुंद, शेरा.
त्यात सरकारला हवं असायचं
'पंप चालू', 'गाळ काढला', 'कठडा पडला' एवढंच.
भाऊ लिहायचे: सोबत कुंदा. ताप उतरला.
लिहायचे: कुंदाचा दात पडला, हिंगोण्याच्या रस्त्यावर. सापडला नाही.
धुळ्याहून एकदा लेखी खुलासा मागवला,
'कुंदा ही बाब कोणती?'
भाऊंनी उलट टपाली कळवलं,
'निरीक्षणाच्या वेळी उपस्थित.'

आई गेल्यावर मला ठेवायला घरं होती,
भालोदला काकू, सावद्याला मामा.
पण ऑक्टोबर लागला की राजदूतच्या टाकीवर
गोधडीची घडी बांधून ते मला बसवायचे,
आणि यावल ते रावेर, बेचाळीस विहिरी,
केळीच्या बागांमधून, चिखलातून, कुत्र्यांच्या मागून-पुढून.

पोलादी टेप. तिचं शेवटचं मीटर
माझ्या दप्तरातल्या निळ्या खडूनं घासायचं,
खाली सोडायचं, ओढून घ्यायचं,
जिथवर खडू ओला तिथवर पाणी.
मग वजाबाकी. ती माझ्याकडे.
मी चुकले तर बोलायचे नाहीत,
टेप पुन्हा सोडायचे,
जणू विहीरच चुकली असेल.

दगड टाकू द्यायचे नाहीत.
"दगडानं विहीर बुजते, कुंदे. नाव टाक."
मी कठड्यावर पोट टेकून नाव टाकायची,
ते फ्रॉकची मागची गाठ मुठीत धरून.
कुंऽदा.
खालून 'दा' यायचं, गार,
शेवाळाचा वास घेऊन.

घरी तीच टेप दाराच्या चौकटीला.
त्याच पानावर, विहीर सतराच्या खाली:
कुंदा, जमिनीपासून वर, एक मीटर बारा.
पुढच्या वर्षी मी सहा सेंटिमीटर वर,
सतरा नंबर दोन मीटर खाली.
मला वाटलं, मीच पिते आहे सगळं.
हे सांगितलं तर ते हसले नाहीत.
परातीत भिजवलेल्या पिठाचा सातपुडा केला,
पायथ्याला गोटे, तांब्यानं पाऊस,
कुठं मुरतं, कुठून आपण ओढतो, किती ओढतो,
सगळं दाखवलं, दादरचं पीठ संपेपर्यंत.
रात्री आम्ही शेव-मुरमुरे खाल्ले.

साहेब म्हणून गावं मानायची,
बोअरची जागा मात्र नारळवाला दाखवायचा.
त्याच्या तळहातावर नारळ उभा राहायचा,
भाऊंचा नकाशा आडवाच.
"इथं नाही लागणार," ते सख्ख्या भावाला म्हणाले.
नव्वद मीटर नुसती पिवळी माती आली,
आणि भाऊ बरोबर निघाले म्हणून
काकांनी सोळा वर्षं बोलणं टाकलं.

मी एक मीटर सत्तावन्नला थांबले.
पाणी थांबलं नाही.
टेप अपुरी पडली तेव्हा त्यांनी दुसरी जोडली,
आणि जोडातले तीन मिलिमीटर
निवृत्तीच्या दिवसापर्यंत, नंतरही,
हिशेबात धरत राहिले.

दहाव्यानंतर काका मला सतरावर घेऊन गेले.
कोरडी. तळाशी तुटकी मोट नाही की बेडूक नाही,
काळी केबल, एक चप्पल.
मी वाकले. "मांगे सरक व बाई," म्हणत
काकांनी माझ्या पदराचं टोक मुठीत धरलं.
मी माझंच नाव टाकणार होते.
तोंडातून 'भाऊ' गेलं.
खाली पोचायला वेळ लागला. परत यायलाही.

वहीतली शेवटची ओळ, मे महिन्यातली,
थरथरत्या अक्षरात: सतरा. कोरडी.
शेऱ्यात काही नव्हतं.
मी त्याखाली तारीख घातली.
काका खांद्यावरून पाहत होते, चष्मा नसताना.
"लिह्य," म्हणाले,
"मी सोबत होतो म्हनून."