नवतपा

नवतपा लागला त्या दिवशी
मी कूलर बंद केला
आणि निरूनं तो पुन्हा लावला.
मी शाल घेतली.
ती ओल्या टॉवेलवर आडवी झाली.
गोळीबार चौकामागची एकच खोली,
वाळ्याचा तोच ओला वास दोघींना,
आणि मधे एक बटण,
ज्याच्यावरून आम्ही बहिणी
पंधरा दिवस भांडलो.

आई गेल्यापासून तिचं माहेर म्हणजे मी.
या खेपेला तिची अंगठी सैल,
दोरा गुंडाळून घातलेली.
माझी साबण लावूनही निघेना.
तिनं फोडणी दिली की
सराटा कढईच्या कडेवर आपोआप वाजायचा.
मी जिना चढताना
मधल्या वळणावर थांबून
विजेचं बिल वाचत बसायचे.

धंतोलीतल्या डॉक्टर खानझोड्यांनी
दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले,
पत्रिका ठेवतात तसे.
माझा टीएसएच बावन्न.
तिचा इतका कमी
की मशीननं आकड्याआधी नुसती चोच छापलेली.
"एकाच दारातून निघाल्या दोघी," ते म्हणाले,
"एक बर्डीकडे, एक कामठीकडे."
मग विचारलं, घरात आणखी कोणाला?
थायरॉइड, लहानपणापासून साखर,
संधिवात, कोड?

कोड म्हटल्यावर
आम्ही दोघींनी एकदम
पंख्याकडे पाहिलं.

उमरेडची बेबीमावशी.
मे महिन्यातही मनगटापर्यंत पोलकं.
तीन स्थळं परत गेलेली.
आईच्या लग्नाच्या एकाही फोटोत ती नाही,
त्या दिवशी तिला मागच्या खोलीत
लाडू मोजायला बसवलं होतं.
"आमच्यात नाही असलं काही," आई म्हणायची
आणि पदर गळ्याशी ओढून घ्यायची.
गळा तिचा जरा भरलेला.
लोक म्हणत, तब्येत सुधारली.

डॉक्टरांनी पाकिटाच्या मागे चित्र काढलं:
छातीच्या हाडामागे एक ग्रंथी, शाळेसारखी.
तिथे पेशी शिकतात, आपलं काय, परकं काय.
जी आपल्याच अंगाला चावायला धावते
तिला तिथंच संपवतात.
तरी काही सुटतातच.
कुठल्या घरातून जास्त सुटतील
हे रक्तात लिहिलेलं असतं, पण पुसट.
सगळं वाचलं जाईलच असं नाही.
एखादं बाळंतपण, एखादा ताप
नेमकं त्या ओळीवर बोट ठेवतो.
कधीकधी तर कोणीच ठेवत नाही
आणि ओळ आपली आपण मोठ्यानं वाचते.

मी महालातल्या एका शाळेत क्लार्क आहे.
एकवीस वर्षं टीसी लिहितेय.
वर्तणुकीच्या रकान्यात
सगळ्यांना "चांगली" लिहिलंय मी,
ज्यानं बाकाला काडी लावली त्यालाही.
त्यामुळे मला त्या आतल्या शाळेचा
राग काही करता येईना.

रविवारी उमरेडला गेलो.
निरूनं जमेल तसं सांगितलं,
मधेच रडली, मधेच भूक लागली म्हणाली.
मावशीनं माझा गळा चाचपला
पांढऱ्या पडलेल्या बोटांनी,
हळू, पिशवीतलं लिंबू चाचपावं तसा.
म्हणाली,
"तुह्या मायचाबी असाच होता.
मले मालूम होतं.
म्या नाही सांगतलं कोनाले.
तिचं लगन टिकाव लागत होतं ना."

नंतर ती चहा ठेवायला उठली.
मला विचारलं, साखर चालते का तुले?
चालते, मी म्हटलं.
त्या रोगाचं नाव तिनं विचारलं नाही.

परतीच्या बसमध्ये निरूनं खिडकी उघडली.
मी काही बोलले नाही.
लू आत आली, माझ्या हातांना बरी वाटली.
तिचे डोळे आता नीट मिटत नाहीत,
झोपेतही एक बारीक फट राहते,
आणि रस्ताभर धूळ.
मी शाल काढली
आणि तिच्या डोळ्यांवरून बांधली.