पाटी

महालात दुरुगकरांच्या ओट्यावर
पाटी खरवडतो आहे, सकाळपासून.
आधी ॲडव्होकेट निघाला, निळा, बापाच्या वेळचा.
खाली आजोबा: प्लीडर, दुसरा वर्ग.
'दुसरा' कुणीतरी आधीच खोडलेला.
त्याखाली, अगदी लाकडाला धरून,
मोडीत काहीतरी.
मोडी मला येत नाही.

मुखत्यार असेल, बाई म्हणाल्या,
किंवा भोसल्यांच्या वेळचा वकील,
म्हणजे दुसऱ्याचा शब्द घेऊन
घोड्यावरून पुण्याला जाणारा.
आणि तिथं मार पडला तर?
तो मात्र स्वतःचा, बाई हसल्या.

लाल डबा उघडला.
नावाआधी काय लिहू?
त्या आत गेल्या सनद बघायला,
सनद अजून प्लास्टिकातच आहे.

तेवढ्यात तांडापेठेतली एक म्हातारी
पायरीवर टेकली,
मांडीवर पिशवी, पिशवीत नवऱ्याचे मिलचे कागद.
पाटीकडे न बघताच म्हणाली,
"काहो भाऊ, ते बाई इथंच राह्यते का,
जे आपल्याकरता बोलते?"

एवढं मावत नाही हो,
लाकूड दीड फुटाचं.
मी ब्रश बुडवून 'ॲड' लिहिलं.
पुढचं टिंब
जरा मोठं पडलं.